मीटर कोण वाचतो, जाब कोण देतो?

स्मार्ट सिटी मोहीम 25 जून 2015 रोजी सुरू झाली आणि 31 मार्च 2025 रोजी संपली. निवडलेल्या शंभर शहरांत पुणे, सोलापूर, नाशिक होती. जळगाव व धुळे नव्हती. खानदेशातून पाहताना आम्हाला हुकलेल्या निधीपेक्षा या मोहिमेच्या कारभाराची रचना अधिक विचार करायला लावते.

केंद्राने प्रत्येक शहराला पाच वर्षांत 500 कोटी रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य व महापालिकेने घालायची, असे ठरले. खर्च मात्र पालिकेने करायचा नाही. त्यासाठी वेगळी कंपनी काढायची, तिच्या भांडवलात राज्य व पालिका निम्मे-निम्मे. सर्वसाधारण सभेचे प्रकल्पापुरते अधिकारही या कंपनीकडे सोपवावेत, असे मार्गदर्शक सूचनांत सुचवले होते. 1993 पासून लागू झालेल्या 74व्या घटनादुरुस्तीने शहरांना जे देऊ केले, ते या वाटेने पुन्हा वर गेले. नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेला ही कंपनीच मान्य नव्हती. 2015च्या अखेरीस तिने प्रस्ताव फेटाळला.

यावर कोणी विचारील, पालिकांनी तरी काय दिवे लावले? प्रश्न रास्त आहे. जळगावची घरकुल योजना 1990च्या दशकातली. हजारो घरे बांधायची होती, बरीचशी झालीच नाहीत. 2006 मध्ये फिर्याद झाली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे! पण म्हणून लोकप्रतिनिधींना बाजूला सारणे म्हणजे आजार रेड्याला नि औषध पखालीला. पैसे किती गेले आणि घरे किती उभी राहिली, हा हिशेब नागरिकांसमोर वेळच्या वेळी यायला हवा होता. नुसती कंपनी काढल्याने तो आपोआप येत नाही.

हिशेब समोर असणे म्हणजे काय, हे धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत दिसते. शेकडो वर्षांची ही पद्धत. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते आणि एका फडात एकच पीक घेतात. बंधाऱ्यात पाणी कमी दिसले, की त्या वर्षी किती फड भिजवायचे हे शेतकऱ्यांचे पंच ठरवतात. पाटकरी त्याप्रमाणे पाणी देतो. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्याने तोटाही वाटला जातो. पाणी मोजणारे, निर्णय घेणारे आणि त्याची झळ सोसणारे तेच. (त्यात भांडणे नव्हती, असे कोणी समजू नये!)

मोहिमेत शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. टाकीत पाणी किती आहे, हे संवेदक बिनचूक सांगू शकतो. ते अपुरे असेल तर कोणत्या वस्तीने थांबायचे, हे तो सांगत नाही. हा निर्णय कोणीतरी घेतोच, पण त्याचे नाव पडद्यावर दिसत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक काम देऊन पाहावे. आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोण उघडतो, वेळ कोण ठरवतो, ती बदलली तर कोण कळवतो आणि तक्रार कोणत्या वहीत लिहिली जाते, हे शोधायचे. जळगावात वाघूर धरणापासून सुरुवात करावी, धुळ्यात नकाणे तलावापासून.