‘संख्यालेखनात सुधारणा आवश्यक’: एका नोंदीचे वाचन

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. तिथे मी एका मुलाविषयी लिहिलेली वर्णनात्मक नोंद अशी : ‘संख्यालेखनात सुधारणा आवश्यक.’ मूल्यमापनाविषयीचे माझे तेव्हाचे सगळे अज्ञान या तीन शब्दांत आहे. म्हणून हे वाक्य मी इथे तपासायला घेतले आहे.

अशा नोंदी आल्या त्या एका चांगल्या हेतूने. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९मध्ये सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाची अपेक्षा आहे. ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने ते महाराष्ट्रात लागू झाले. मूल शिकत असताना करायचे ते आकारिक, सत्राच्या शेवटी करायचे ते संकलित. हा फरक मी परीक्षेत बिनचूक लिहिला होता. वर्गात मात्र तो मला ओळखता आला नाही.

मी दहा संख्या सांगून लिहून घेतल्या. या मुलाच्या चार चुकल्या. एकोणतीसला ३९, एकोणचाळीसला ४९, एकोणसाठला ६९, एकोणनव्वदला ९९. नव्याण्णवलाही त्याने ९९च लिहिले होते आणि तिथे मी बरोबरची खूण केली होती. दहापैकी सहा. शेजारच्या मुलीलाही सहाच गुण होते, पण तिच्या चुकांत काही सूत्र नव्हते. दोघांच्या नावापुढे मी तीच नोंद उतरवली.

वर्गशिक्षिका बाईंनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, “चारही चुका एकाच जातीच्या कशा?”

दुसऱ्या दिवशी मी मुलाला विचारले. तो म्हणाला, “चाळीस ऐकू आलं, म्हणून चार. आणि एकोणला नऊ येतो.” म्हणजे त्याने नियम शोधला होता आणि तो इमानाने पाळला होता. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते, मीही नाही. मी त्याला दोन्ही ९९ शेजारी शेजारी वाचायला लावले. तो थबकला. मग स्वतःच म्हणाला, “दोन नावं कशी असतील?” काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे घेऊन त्यातली एकच काडी काढली, तेव्हा एकोणचाळीस त्याच्या हाती लागले.

मराठी संख्यानामांची ही अडचण जुनीच. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा भाषा बिघडेल की गणित सोपे होईल, यावर राज्यभर वाद झाला. मूल एखादी संख्या ऐकून नेमके काय समजते, ते कसे शोधायचे, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

आता नोंदीकडे वळू. तिच्यात कर्ता नाही, चूक कोणती ते नाही, पुढचे पाऊल नाही. ‘आवश्यक’ खरे, पण सुधारणा कोणाची? इथे तर आधी माझ्या शिकवण्याची. ही नोंद कोणत्याही मुलाला चिकटवता येते. म्हणून तर तयार नोंदींच्या याद्या या शाळेतून त्या शाळेत फिरतात. त्या वापरणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. चाळीस मुले आणि प्रत्येकाचे इतके विषय म्हटल्यावर हात आपोआप यादीकडे जातो. पण अशी नोंद लिहिली की वर्णनाच्या रकान्यात निवाडाच बसतो.

रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात नुसता अभिप्राय मिळालेली मुले पुढे सरकली. अभिप्रायासोबत गुण दिले, तेव्हा तो फायदा जवळपास उरला नाही. माझ्या नोंदीचे तर त्याहून वाईट. सहाच्या आकड्याने झाकून टाकावे असेही तिच्यात काही नव्हते.

नंतर मी ती खोडून लिहिली : ‘एकोण म्हणजे एक कमी, हे गठ्ठ्यांवरून सांगतो. एकोणसाठ, एकोणनव्वद उद्या गठ्ठ्यांशिवाय विचारणे.’ वाक्य ओबडधोबड आहे, पण ते दुसऱ्या कुठल्याच मुलाला चालणार नाही.

त्याच आठवड्यात माझ्या पाठावर निरीक्षकांचा शेरा आला : ‘फलकलेखनात सुधारणा आवश्यक.’ नेमके काय सुधारायचे, ते मला अजून कळलेले नाही.