'बनाल' म्हणजे नुसतं क्षुल्लक नव्हे

समाजशास्त्रातलं इंग्रजी वाचताना 'बनाल' हा शब्द तुम्हाला कधी ना कधी भेटणारच. शब्दकोश सांगतो: नेहमीचं, नीरस, चावून चोथा झालेलं. तेवढ्यावर पुढे जाऊ नका, कारण या शब्दामागे एक जुनी सक्ती आहे.

शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी आहे 'बान', म्हणजे सरंजामदाराचा हुकूम. मध्ययुगीन फ्रान्समध्ये अनेक ठिकाणी नियम असा होता, की दळण सरंजामदाराच्याच चक्कीवर दळायचं, पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा आणि वर त्याचा मोबदलाही द्यायचा. अशा चक्कीला, भट्टीला 'बनाल' म्हणत. सगळ्या गावाला तीच वापरावी लागे, म्हणून 'सगळ्यांचं' असा अर्थ आला. सगळ्यांचं ते सामान्य, सामान्य ते नीरस, अशी घसरण पुढे झाली. फ्रेंच राज्यक्रांतीत सक्ती गेली, शब्द उरला.

आता मायकेल बिलिग यांचं १९९५चं 'बनाल नॅशनॅलिझम' घ्या. त्यांचं म्हणणं असं: राष्ट्रवाद फक्त हातात फडकणाऱ्या झेंड्यात नसतो. सरकारी इमारतीवर लटकणाऱ्या, कुणाचं लक्षही न जाणाऱ्या झेंड्यातही तो असतो. वर्तमानपत्रातल्या 'आपण'मध्येही असतो. याचं मराठी 'क्षुल्लक राष्ट्रवाद' केलंत, तर मुद्दाच उलटतो. बनाल म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे बिलिग स्वतःच बजावतात. मला 'अंगवळणी पडलेला राष्ट्रवाद' जास्त पटतं. सवय आपोआप लागत नाही, कुणीतरी लावतं, हे त्यात ऐकू येतं.

पण एक सांभाळा. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, ती फक्त प्रश्न सुचवते. बिलिग यांनी एका दिवसाची ब्रिटिश वर्तमानपत्रं तपासली. त्यातून काय छापलं ते कळतं, वाचणाऱ्याने त्याचं काय केलं ते कळत नाही. तिथेच तुमच्या संशोधनाला जागा आहे.

म्हणून प्रबंधात 'रोजचं', 'सामान्य' असं लिहाल तेव्हा समासात तीन प्रश्न टिपून ठेवा. हे सामान्य कुणी केलं? दुसरी चक्की होती का? आणि दळणाचा मोबदला कुणाच्या खिशात जातो? उत्तरं शोधायला लागलात, की विषय आपोआप धारदार होईल.