सुश्रुतसंहितेतील पर्शुका आणि पेशी : एका गणनेची चिकित्सा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आला आणि शरीरशास्त्राशी एरवी संबंध नसलेल्या अध्यापकांवरही सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाविषयी बोलण्याची वेळ आली. सुश्रुताला अस्थी व स्नायू यांचे आजच्याइतकेच ज्ञान होते, असे विधान अशा प्रसंगी हमखास ऐकू येते. ‘आजच्याइतकेच’ हा शब्द तपासून पाहण्यास छातीचा पिंजरा हे उत्तम स्थळ होय. बरगड्यांविषयी संहिता पुष्कळ सांगते. त्यांना जोडलेल्या मांसाविषयी मात्र जवळजवळ मौन पाळते. या विषमतेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस आणि ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. संहितेत मांसाच्या स्वतंत्र समूहाला ‘पेशी’ म्हटले आहे, तर ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. म्हणून संहितेतील ९०० स्नायूंचा आकडा मराठी वर्गात जसाच्या तसा सांगणे दिशाभूल करणारे आहे. मांसपेशींची संख्या तेथे ५०० दिली आहे.

शल्यतंत्रानुसार अस्थी ३००. त्यांपैकी धडात ११७, आणि या ११७ पैकी एकट्या कुशींत ७२, म्हणजे प्रत्येक बाजूस ३६. बरगड्यांच्या १२ जोड्या मोजणाऱ्या वाचकास हा आकडा चमत्कारिक वाटतो. त्याची उकल चरकसंहितेत सापडते : २४ पर्शुका, त्यांच्या २४ खोबणी आणि २४ उंचवटे असे तीन गट तेथे वेगळे मोजले आहेत. जर्मन-ब्रिटिश विद्वान हॉर्न्ले यांनी १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या गणनांची कसून छाननी केली. बरगडी मणक्याला जेथे टेकते तेथील उंचवटा स्वतंत्रपणे नोंदवणारी दृष्टी सामान्य नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अकराव्या व बाराव्या बरगडीचा मणक्याच्या आडव्या प्रवर्धाशी सांधाच नसतो. अशा सांध्यांच्या जोड्या १० भरतात, १२ नव्हेत. २४ चा आकडा तिन्ही गटांत सारखाच यावा, यावरून येथे निरीक्षणापेक्षा गुणाकाराने अधिक काम केले असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता पेशींकडे वळू. धडातील ६६ पेशींपैकी कुशींत ६ व वक्षस्थळी १०, एवढाच हिशेब मिळतो. प्रत्यक्षात प्रत्येक बाजूस बरगड्यांमधील ११ फटींत मांसाचे तीन थर असतात. बाहेरच्या थराचे तंतू खाली व पुढे उतरतात, त्याच्या आतील थराचे खाली व मागे. मानेचे तिरपे स्नायू पहिल्या दोन बरगड्यांना धरतात, श्वासपटल खालच्या सहा बरगड्यांच्या आतून सुरू होते. यांपैकी कशाचाही उगम वा निवेश संहिता सांगत नाही. हृदय व आमाशय यांच्या ठिकाणी सांगितलेल्या दोन पेशींत श्वासपटल पाहण्याचा मोह होतो; पण तो अर्थ आपण घालतो, ग्रंथ देत नाही.

याचे एक कारण पद्धतीत आहे. गवत-सालींत गुंडाळलेले प्रेत पिंजऱ्यात घालून संथ पाण्यात सात रात्री ठेवावे आणि नीट कुजल्यावर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक भाग पाहावा, असा विधी आहे. अशा कुजण्यात हाडे टिकतात. बरगड्यांमधले पातळ थर व त्यांच्या तंतूंची दिशा टिकणे कठीण.

तथापि हे कारण पुरेसे नाही. पिरंगुट-मुळशी भागातील तालमीत मेहनत केलेल्या पैलवानाने हात वर केला की कुशीवर करवतीसारखे दाते उमटतात. वरच्या आठ-नऊ बरगड्यांपासून निघून खांद्याच्या फऱ्याच्या आतील कडेला जाणाऱ्या स्नायूचे ते दाते होत. त्यासाठी प्रेत लागत नाही, नजर लागते; आणि नजर तर या शल्यविदांपाशी होतीच. मग नोंद का नाही? संहितेच्या मते पेशी शिरा, स्नायू, अस्थी व सांधे यांना झाकतात आणि त्या आवरणामुळे ते बलवान होतात. पेशी ओढते, ही कल्पनाच तेथे मध्यवर्ती नाही. जे आवरण आहे ते कोठे आहे व किती आहे, एवढेच विचारले जाते. कोठून कोठे जाते हा प्रश्न ओढणाऱ्या वस्तूविषयीच संभवतो. मूळ पाठ भ्रष्ट झाला असावा, हा बचाव येथे लंगडा पडतो. पाठभ्रंशाने आकडे बदलतील. संबंध यादीतून एकच प्रश्न नेमका गळून पडणार नाही.

काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापन केलेले मराठी भाषक विद्वान भास्कर गोविंद घाणेकर यांनी शारीरस्थानावर हिंदी टीका लिहिली. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांत ती आजही वाचली जाते. प्राचीन वचनाशेजारी आधुनिक शारीर ठेवण्याची तिची रीत उपयुक्त आहे. मात्र वर्गातील टिपणांत त्या रीतीची दोन रकान्यांची कोष्टके होतात : डावीकडे सुश्रुताची पेशी, उजवीकडे आधुनिक स्नायू. कुशीतल्या सहा पेशींसमोर कोणती सहा नावे लिहायची, हे ठरवण्याचा आधार संहितेत कोठेही नाही. कोलकात्याच्या गणनाथ सेन यांचे ‘प्रत्यक्षशारीरम्’ १९१३ च्या सुमारास संस्कृतातच लिहिले गेले. तेथे पेशींचे वर्णन प्रत्यक्ष विच्छेदनावरून करावे लागले आणि त्यासाठी नवी नावे घडवावी लागली.