विषय कळला, प्रतिज्ञा कोठे आहे?

वैचारिक निबंधाच्या आरंभी एखादे सुभाषित, मग शब्दाची व्युत्पत्ती, मग ‘अनादि काला’पासूनचा धावता आढावा, ही मांडणी आपल्या मंडळींच्या हाती चांगलीच बसली आहे. पहिले पान संपते तेव्हा वाचकास लेखाचा विषय कळलेला असतो. लेखकाचे म्हणणे मात्र कळलेले नसते. या दोन गोष्टी एक नव्हेत. ‘माळव्यातील मराठी’ हा विषय झाला. ‘हिंदीचे शब्द शिरल्याने माळव्यातील मराठी अशुद्ध ठरत नाही’ हे म्हणणे झाले, कारण ते कोणी खोडूनही काढू शकेल.

न्यायशास्त्राने यास ‘प्रतिज्ञा’ असे नेमके नाव दिले आहे. पंचावयव वाक्यात तिचे स्थान पहिले. पर्वतावर अग्नी आहे, हे आधी सांगावयाचे. धूर दिसतो हा हेतू त्यामागून. (शासकीय सेवेत असताना ‘विषय’ ठळक लिहिलेल्या, पण प्रस्ताव कोठेच न सापडणाऱ्या नस्त्या आम्ही पुष्कळ चाळल्या आहेत.)

आपल्या निबंधाचे कूळ १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’पर्यंत जाते. ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ हा तिचा पहिला निबंध आणि ‘आमच्या देशाची स्थिति’ हा शेवटचा. दोन्ही शीर्षके विषय सांगतात, पक्ष सांगत नाहीत. विष्णुशास्त्र्यांना ते शोभले, कारण त्यांचा आवेश दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच पक्ष उघड करतो. अनुकरण करणाऱ्यांनी प्रस्तावनेची लांबी तेवढी घेतली. याउलट ‘केसरी’तील १८९७ चे ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हे शीर्षक पाहावे. सारी प्रतिज्ञा एका ओळीत आली आहे.

परंतु टिळकांचा खरा धडा ‘गीतारहस्या’त आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे ‘कर्मयोगशास्त्र’ हे जोडनावच त्याची प्रतिज्ञा होय. पहिल्या प्रकरणाचे नाव ‘विषयप्रवेश’. तेथे पूर्वाचार्यांची मते येतात, आणि ती टाळण्यासाठी नव्हे तर तोलण्यासाठी येतात. मग मीमांसकांची कसोटी पुढे होते: ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना त्याचा उपक्रम व उपसंहार ताडून पाहावा. आरंभी अर्जुन युद्ध नको म्हणतो, शेवटी युद्धास उभा राहतो. तेव्हा मधला उपदेश कर्मत्यागाचा कसा असेल? हा निष्कर्ष सर्वांना पटेल असे नाही. पण वाद कशावर आहे, हे पहिल्या प्रकरणातच वाचकाच्या हाती येते. प्रस्तावनेने एवढे केले की तिची लांबी खटकत नाही.

मुद्दा आधी फोडल्यास गोडी जाते, असा एक आक्षेप असतो. फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाला तो लागू आहे. तेथे भटकणे हाच आनंद. हुंड्यावर किंवा पाणीटंचाईवर लिहिताना तो लागू नाही.

आमच्या घरांतील नातवंडे इंग्रजी निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात आपला मुद्दा ठेवतात. शाळेत तसे शिकविलेले असते. तीच मुले मराठीत लिहू लागली की आरती झाल्यासारखी सुरुवात होते. मराठी त्यांना गणेशोत्सवात आणि सत्कारसमारंभातच भेटते, भांडणात भेटत नाही, हे त्याचे कारण असावे. त्यांच्या सुभाषितावर आमचा आक्षेप नाही. त्याखालच्या परिच्छेदात, कोणी खोडून काढू शकेल असे एक वाक्य मात्र आम्ही शोधत असतो.