गडी, लिलाव आणि करार : फुटबॉलविषयक मराठी लेखनाची एक चिकित्सा

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर फुटबॉलच्या खेळाडूविषयी तीन वाक्प्रयोग वारंवार योजिले जातात. क्लब त्याला ‘विकत घेतो’, ‘करारबद्ध करतो’ आणि मग तो संघाच्या ‘ताफ्यात दाखल’ होतो. पहिल्या दोहोंत खेळाडू कर्मस्थानी आहे. तिसऱ्यात तो कर्ता दिसतो खरा, पण ताफ्यातील नौका किंवा तोफ ज्या अर्थाने कर्ता असते त्याच अर्थाने. ही परिभाषा केवळ रुक्ष आहे असे नव्हे. ज्या व्यवहाराचे वर्णन तिने करावयाचे, तो व्यवहारच ती झाकून टाकते.

‘लिलाव’ हा शब्द घ्यावा. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि ‘पगार’ही त्याच वाटेने आला, हा योगायोग मोठा सूचक आहे. 2015 च्या जुलैत मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी भारताच्या दहा प्रमुख खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्री यांच्यासाठी मुंबई सिटीने 1 कोटी 20 लाख रुपये, तर युजेनसन लिंगडोह यांच्यासाठी पुणे सिटीने 1 कोटी 5 लाख रुपये बोली लावली. ‘छेत्री मुंबईला विकले गेले’ असे वाक्य यावरून सहज तयार होते. वस्तुतः ती स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर अशा तीन महिन्यांची होती. छेत्री त्या काळात बेंगळुरूच्या क्लबचे खेळाडू होते आणि स्पर्धा आटोपल्यावर तेथेच परतले. म्हणजे बोली लागली ती एका हंगामाच्या सेवेवर. ‘विकणे’ या क्रियापदाला मुदत जोडता येत नाही. विकलेली वस्तू परत येत नसते.

आणि मुदत हाच तर या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार करार किमान चालू हंगामाच्या अखेरीपर्यंत असावा लागतो आणि, देशाच्या कायद्याने वेगळी मुभा दिली नसेल तर, पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूस तीनच वर्षांची मर्यादा आहे. कराराचे अखेरचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी बोलणी करून करार करू शकतो. म्हणून संघाची आखणी करणारा मनुष्य खेळाडूंच्या नावांपुढे त्यांची जागा आणि वय यांबरोबरच करार संपण्याचे वर्षही मांडतो. बचावफळीतील चौघांचे करार एकाच उन्हाळ्यात संपू नयेत, ही त्याची पहिली चिंता. दुसरी चिंता अखेरच्या वर्षाची : करार वाढवावा, मोबदला घेऊन खेळाडूस जाऊ द्यावे, की मुदत भरू देऊन रिकाम्या हाताने निरोप द्यावा? हिशेबाची वहीही याच तालावर चालते. पाच वर्षांच्या करारासाठी पन्नास कोटी मोजले, तर दरवर्षी दहा कोटी खर्ची पडतात. तीन वर्षांनी वहीत वीस कोटी उरतात. खेळाडूचे ‘मूल्य’ असे ज्याला म्हटले जाते ते बहुतांशी उरलेल्या काळाचे मूल्य असते. 1995 च्या बॉसमन निर्णयानंतर युरोपात मुदत सरलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला काहीच मागता येईना, तेव्हा हे अधिकच स्पष्ट झाले.

मराठी व्याकरणात याचे उत्तम साधन उपलब्ध आहे, पण त्याचा उपयोग होत नाही. ‘बैल घेतला’ आणि ‘मुलाला घेतले’ यांतील भेद मराठी भाषक लहानपणापासून पाळतो; ‘ला’ हा प्रत्यय कर्माचे माणूसपण राखतो. ‘खेळाडूला विकत घेतले’ या वाक्यात प्रत्यय माणसाचा आणि क्रियापद मालाचे अशी विसंगती उभी राहते. ‘करारबद्ध केले’ यात अरबी ‘करार’ आणि संस्कृत ‘बद्ध’ एकत्र येऊन बांधला जातो तो एकटा खेळाडू. क्लब जणू मोकळाच. याउलट ‘क्लबने खेळाडूशी तीन वर्षांचा करार केला’ असे लिहिताच ‘शी’ हा प्रत्यय दोन पक्ष समोरासमोर उभे करतो, आणि किती काळासाठी, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

हा वाद निव्वळ शब्दांचा वाटेल. तथापि तलासरी तालुक्यात, दादरा-नगरहवेलीच्या सीमेलगत असलेल्या उधव्यात तो तसा वाटू नये. मराठीत ‘गडी’ म्हणजे खेळातील भिडू. ‘सवंगडी’त तोच आहे, कबड्डीत बाद होतो तो तोच. पण ‘गडी’ म्हणजे राबणारा नोकरही. या दोन अर्थांची येथे एका तिसऱ्या शब्दाशी गाठ पडते : लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबावयाचे, अशी ती पद्धत होती. आणि ‘फिटेपर्यंत’ याचा अर्थ सावकार ठरवीत असे. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची सभा भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेच्या लढ्याने ही प्रथा मोडून काढली. त्या कागदाला दोष होता तो मोबदल्याचाच नव्हे, अंताचाही.

लक्षावधी रुपये मिळविणाऱ्या खेळाडूची लग्नगड्याशी तुलना करणे औचित्याचे नव्हे. परंतु इंग्लंडातील जुनी रीत पाहिली तर सादृश्य अगदीच दूरचे राहत नाही. तेथे करार संपल्यावरही क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे अडवून ठेवू शकत असे, आणि जानेवारी 1961 पर्यंत आठवड्याच्या वेतनावर वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात 1963 साली न्यायालयाने ही अडवणूक व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरविली. मुदतीचा अंत खराखुरा अंत व्हावा, एवढेच तेथे मागितले गेले होते.

मुंबईत हा प्रश्न दीर्घकाळ उद्भवला नाही, कारण येथे करार नव्हता, नोकरी होती. कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रम खेळाडूंना कामावर घेत. पाय थकले तरी पगार चालू राही. ती व्यवस्था विरत गेली. महिंद्र युनायटेडसारखा संघ 2010 साली बंद झाला, आणि 2019 मध्ये पुणे सिटीची जागा हैदराबादच्या क्लबाने घेतली. 2025 च्या जुलैत लीगचा नवा हंगाम स्थगित झाला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनच थांबविले. ‘करारबद्ध’ कोण होते आणि कोण नव्हते, हे त्या वेळी पुरते उघड झाले.

एका शब्दाचा स्वतंत्र विचार करावयास हवा. दुसऱ्या क्लबाकडे तात्पुरत्या गेलेल्या खेळाडूस ‘कर्जावर’ गेलेला म्हणणे हे इंग्रजीचे आंधळे अनुकरण होय. कर्जावर माणूस देणे म्हणजे काय, ते तलासरीच्या परिसराने भोगले आहे. ‘उसना’ हा शब्द हाताशी आहे. उसने दिलेले ठरल्या वेळी परत येते आणि त्यावर व्याज चढत नाही. ‘बदली’ हाही चांगला शब्द, पण तो राखीव खेळाडूसाठी आधीच खर्ची पडला आहे. ‘हस्तांतरण’ मात्र सातबाराच्या उताऱ्यावरच राहू द्यावे.

उधव्यासारख्या गावातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे क्लबाच्या प्रशिक्षणकेंद्राचा कागद येतो, तेव्हा भारतीय कायद्याने अज्ञानाचा करार त्याच्यावर बंधनकारक नसतो. पालकाची सही मागितली जाते. त्या पालकाला वीटभट्टीची किंवा मासेमारीच्या बोटीवरील हंगामाची ‘उचल’ चांगली ठाऊक असते. कागद कोणत्या तारखेस संपतो, हे त्याने विचारावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने ‘तुमचा मुलगा क्लबने घेतला’ असे त्याला सांगू नये. ‘क्लब तुमच्या मुलाशी करार करीत आहे’ असे सांगावे.