संगणकीय स्वरलेखन आणि हरवलेली सम : मिडी कीबोर्डवरील तत्क्षण नोंदीची एक चिकित्सा

भारतीय संगीतात स्वरलेखनाकडे प्रारंभापासूनच काहीशा साशंकतेने पाहिले गेले आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) आणि पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी स्वतंत्र लेखनपद्धती सिद्ध केल्या, तरी 'गाणे कागदावर उतरत नाही' हा आक्षेप मिटला नाही. संगणकीय नोटेशन सॉफ्टवेअरने या जुन्या वादाला नवे रूप दिले आहे. मिडी कीबोर्ड संगणकाला जोडावा, वाजवावे, आणि वाजवलेले त्याच क्षणी पडद्यावर लिपिबद्ध व्हावे, असे आश्वासन ही प्रणाली देते. अक्कलकोट येथील एका अनुभवाच्या आधारे त्या आश्वासनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अक्कलकोट हे सीमेवरचे गाव. येथे भजनात मराठी पदापाठोपाठ कन्नड पद येते आणि दोहोंच्या चाली एकमेकींत मिसळतात. सत्तरी ओलांडलेल्या एका भजनी गायकांच्या चाली विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवाव्यात, म्हणून मी त्यांच्यापुढे पेटीऐवजी मिडी कीबोर्ड ठेवला. भाता ओढायचा नसल्याने त्यांचा डावा हात अवघडून मांडीवर पडून राहिला. चाल वाजवून झाली. पडद्यावर पाने भरली. संगणकाने ती परत ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "चाल माझीच आहे सर, पण सम कुठं गेली?"

हा प्रश्न अत्यंत नेमका होता. छापील प्रतीत प्रत्येक ओळीच्या आरंभी पाव मात्रेचे विश्रांती-चिन्ह आले होते आणि सारी चाल तितकीच पुढे सरकली होती. चूक वादकाची असती तर ती कमीअधिक झाली असती; सर्वत्र सारखीच सरक असणे हे यंत्रदोषाचे लक्षण होय. त्याचे कारण असे. संगणकाची ताल-टकटक ध्वनियंत्रणेतून बाहेर पडेपर्यंत विलंब होतो. विंडोजमधील अंगभूत ध्वनिसंचात तो शंभर मिलिसेकंदांहूनही अधिक असू शकतो. वादक उशिरा आलेल्या टकटकीबरोबर अचूक वाजवतो. संगणक मात्र आपल्या आतल्या घड्याळाप्रमाणे मोजतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रा १२५ ची. स्वर जवळच्या पाव मात्रेवर बसवला जात असल्याने साधारण ६२ मिलिसेकंदांपुढचा विलंब त्याला पुढच्या घरात ढकलतो. आसिओ चालक बसवून ध्वनीचा साठा २५६ नमुन्यांवर आणला, की ४४,१०० च्या गतीस त्या साठ्याचा विलंब सुमारे सहा मिलिसेकंद उरतो व सम जागेवर येते.

दुसरा दोष पेटीवादनाच्या सवयीतून येतो. पेटीवादक पुढची पट्टी दाबल्यावर मागची सोडतो; त्यातूनच स्वरांची सलगता साधते. मिडीत पट्टी दाबल्याचा व सुटल्याचा असे दोन वेगळे संदेश असतात. दोन स्वर क्षणभर एकत्र वाजले, की सॉफ्टवेअर तेथे स्वरसंघात किंवा जोडकंसांची माळ लिहिते. आपण ज्याला गुण म्हणतो त्याची यंत्र गुंतागुंत म्हणून नोंद करते. दोन पंचरेषांचा घोळ मात्र किरकोळ आहे. गायकांचा षड्ज काळी एक, मिडीच्या क्रमात ६१. मंद्र पंचम ५६. विभाजन ६० वर असल्याने तो डाव्या हाताच्या रेषांत गेला. एकच पंचरेषा निवडली की प्रश्न संपतो.

या सर्व दोषांवर उपाय आहेत आणि ते शिकता येतात. माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. १९८३ साली आलेल्या मिडी मानकाने स्वराला ० ते १२७ मधला एक पूर्णांक ठरवले. मींडेसाठी वेगळा संदेश आहे, त्यात १६,३८४ पायऱ्याही आहेत. पण नोटेशन सॉफ्टवेअर सामान्यतः त्यातून मींडेचा कंस काढत नाही. सांगलीचे कृ. ब. देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुति-हार्मोनियमचा जो खटाटोप केला, तो याच अडचणीपायी. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली व १९७१ साली शिथिल केलेली बंदीही याच वादाची संतती. तेव्हा पेटीवर वाजवलेली चाल ही गायलेल्या चालीची आधीच एक संक्षिप्त प्रत असते, आणि तत्क्षण नोंद ही त्या प्रतीची प्रत. भातखंड्यांच्या लिपीतही सर्व उतरत नाही. तथापि तेथे काय गाळायचे हे एक जाणता कान ठरवतो, कणस्वर लहान अक्षरात वर ठेवतो, मींडेला कंस देतो. 'यंत्र तटस्थ असते' हे विधान आपल्या वर्गांतून फार सहजपणे केले जाते. ज्याला अर्धी मात्रा आणि ओढलेली मात्रा यांतला फरक कळत नाही, त्याच्या तटस्थतेचे कौतुक ते काय करायचे!

विद्यार्थी छापील पानावर विश्वास ठेवतात. पाव मात्रा सरकलेली ती प्रत मी वाटण्याच्या बेतात होतो. गायकांनी ऐकले नसते तर पुढची पिढी तीच चाल प्रमाण मानून गाती. शिवाय फाईल टिकण्याचाही प्रश्न आहे. १९८८ पासून चालत आलेल्या 'फिनाले'चा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवण्यात आला. त्यामुळे म्युझिक-एक्सएमएल स्वरूपातील प्रत वेगळी ठेवणे इष्ट.

दुसऱ्या बैठकीत टकटक बंद ठेवली. काही सॉफ्टवेअरमध्ये एक ठरावीक कळ वा पायपट्टी दाबली की नोंद पुढे सरकते. ती गायकांच्या नातवाकडे दिली. आजोबा वाजवत होते, मुलगा त्यांच्या मानेकडे पाहून कळ दाबत होता. या वेळी सम जागेवर आली. मग ती प्रत समोर ठेवून त्यांनी चाल गायली आणि मी भातखंडे लिपीत दुरुस्त्या केल्या. कोमल गांधारावरून ऋषभावर येतानाची मींड त्यांनी चार वेळा गाऊन दाखवली, चारही वेळा वेगळी. तो कंस मी अजून पेन्सिलीनेच काढून ठेवला आहे.