अनुकृतीची मर्यादा : आभासी वाद्ये आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा नाद

१

कलाविचारात साधनांचा प्रश्न बहुधा दुय्यम मानला जातो. कलावंताला काय सांगावयाचे होते याची चर्चा विस्ताराने होते. परंतु ते ज्या साधनाच्या साहाय्याने सांगितले गेले त्या साधनाने त्याला कोठे अडविले आणि कोठे वळविले, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या आणि पुढील सात-आठ वर्षे बहरलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराच्या बाबतीत ही उपेक्षा परवडणारी नाही. या संगीताचा नाद संगणकावर पुन्हा घडविण्याचा जो खटाटोप आज ठिकठिकाणी चालू आहे, त्याचे मूल्यमापन करताना तर साधनाचा विचार हाच मुख्य विचार ठरतो.

हा खटाटोप कोणत्या परिस्थितीत होतो हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटच्या परिसराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत भायखळा, क्रॉफर्ड मार्केट व मशीद बंदर या भागांतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे आले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार येथे शेजारी शेजारी नांदतात. रात्री मालाच्या गाड्या लागतात आणि उजाडण्यापूर्वीच माथाडींची लगबग सुरू झालेली असते. अशा बाजाराच्या लगतच्या एखाद्या खोलीत मायक्रोफोन लावून वाद्य मुद्रित करावयाचे म्हटले, तर वाद्याबरोबर ट्रकचा हॉर्न आणि हमालांच्या आरोळ्याही मुद्रित होणार. शिवाय ज्या हॅमंड ऑर्गनवाचून हे संगीत उभेच राहत नाही, त्याच्या बी-३ या नमुन्याचे वजन बाक व पायपट्ट्यांसह सुमारे १९० किलो भरते; म्हणजे पन्नास किलोच्या जवळजवळ चार गोण्या. तो जिन्यावरून वर चढविणारे खांदे या परिसरात पुष्कळ मिळतील, पण तो ठेवण्यास जागा मिळणार नाही. मेलोट्रॉन या वाद्याच्या चुंबकीय फितींना कोकणपट्टीची दमट हवा मानवणार नाही हे तर उघडच आहे. तेव्हा अशा खोलीतील वादकापुढे एकच मार्ग उरतो : एक संगणक, लहानसा कीबोर्ड आणि कानांवर हेडफोन. येथे आभासी वाद्य ही हौस नसून गरज आहे. म्हणूनच त्याची चर्चा तुच्छतेने करून चालणार नाही, आणि कौतुकाने तर नाहीच नाही.

२

आभासी वाद्य म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीत सामावलेले वाद्य. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची पद्धती प्रसृत केली आणि १९९९ मध्ये तिच्यात वाद्यांचा अंतर्भाव झाला. तेव्हापासून घरगुती संगणकावर अशी वाद्ये सर्रास वाजू लागली. ती दोन प्रकारांनी घडविली जातात. एका प्रकारात मूळ वाद्याचा एकेक स्वर मुद्रित करून ते ध्वनिनमुने पट्ट्यांशी जोडले जातात. दुसऱ्या प्रकारात मुद्रण मुळीच नसते. मूळ वाद्यात नाद कसा उत्पन्न होतो त्या क्रियेचे गणिती प्रतिरूप तयार केले जाते आणि प्रत्येक स्वर वाजविण्याच्या क्षणी नव्याने गणिला जातो. पहिल्या प्रकाराला छायाचित्र म्हणावे, तर दुसऱ्याला हलती प्रतिकृती म्हणता येईल.

ज्या वाद्यांची अशी प्रतिरूपे केली जातात त्यांपैकी तीन प्रमुख आहेत. पहिले हॅमंड ऑर्गन. बी-३ हा त्याचा नमुना १९५४ पासून १९७४ पर्यंत तयार होत असे. त्याच्या पोटात एक्क्याण्णव दातेरी चक्रे सतत फिरत असतात आणि नऊ ड्रॉबार मागेपुढे सरकवून स्वराची जात ठरविली जाते. त्याला जोडलेल्या लेस्ली नावाच्या ध्वनिपेटीत कर्णा प्रत्यक्ष फिरतो, त्यामुळे नाद घोटाळत, भोवंडत ऐकू येतो. दुसरे वाद्य मेलोट्रॉन. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथे ते प्रथम तयार झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली एक फीत असते आणि तिच्यावर व्हायोलिन, बासरी अथवा समूहगान यांचा एक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत पुढे ओढली जाते, सोडली की स्प्रिंगने मागे येते. तिसरे वाद्य १९७० मधील मिनीमूग. त्यात तीन ऑसिलेटर असतात, पण एका वेळी एकच स्वर वाजविता येतो.

३

या प्रतिरूपांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की ती खोटी आहेत. हा आक्षेप तपासून पाहण्यास संस्कृत साहित्यशास्त्रातील अनुकृतीची चर्चा उपयोगी पडते. श्रीशंकुकाने नटाच्या ठिकाणी होणाऱ्या रामाच्या प्रतीतीला चित्रातील घोड्याची उपमा दिली. चित्रातील घोडा पाहताना प्रेक्षक त्याला खरा समजत नाही, खोटा समजत नाही, संशयात पडत नाही आणि तो घोड्यासारखा आहे अशी तुलनाही करीत नाही. ही प्रतीती या चारांहून निराळी असते. आभासी मेलोट्रॉन ऐकणाऱ्याची अवस्था बरीचशी अशीच असते. त्याची फसवणूक होत नाही, आणि तरीही तो मेलोट्रॉनच ऐकतो. एवढ्यापुरता खोटेपणाचा आक्षेप निरस्त होतो.

परंतु अनुकृतिवादावर भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी घेतलेला आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्याचे अनुकरण करावयाचे तो राम कोणी पाहिलेला नसताना ‘हे त्याचे अनुकरण’ असे कोण कसे म्हणणार? तुर्भ्याच्या खोलीत बसलेल्या तरुण वादकाने, आणि त्याच्या बहुतेक श्रोत्यांनी, मेलोट्रॉन समोर वाजताना ऐकलेला नसतो. त्यांनी ऐकलेली असते ती ध्वनिमुद्रिका. किंग क्रिम्सन या वृंदाच्या १९६९ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेत जो नाद भरून राहिला आहे तो केवळ वाद्याचा नव्हे. त्यात मुद्रणशाळेची खोली आहे, मुद्रणाची फीत आहे, तबकडीची खरखर आहे आणि त्या श्रवणाशी निगडित झालेले एक वय आहे. म्हणजे ‘अभिजात नाद’ या नावाने ज्याचे अनुकरण केले जाते ती वस्तू वाद्य नसून वाद्याची स्मृती असते. आभासी वाद्याचा कर्ता वाद्य हुबेहूब घडवितो आणि वादकाला तरीही काही तरी उणे वाटत राहते, याचे कारण हेच आहे.

यापुढे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली म्हणजे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. मेलोट्रॉन हे मुळात स्वतःच एक आभासी वाद्य होते. व्हायोलिनवादकांचा ताफा बोलावण्याऐवजी त्यांचे मुद्रित स्वर पट्ट्यांवर वाजवावेत, हाच त्याचा हेतू होता. आपल्या पोटावर पाय येईल अशी धास्ती ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेला त्या काळी वाटली होती, म्हणजे आज संगणकावर जो आरोप होतो तोच साठ वर्षांपूर्वी मेलोट्रॉनवर झालेला होता. मग ज्याला एके काळी नक्कल म्हणून हिणविले ते आज अस्सल कसे झाले?

४

याचे उत्तर असे की ती नक्कल साधली नाही. मेलोट्रॉनची फीत सुमारे आठ सेकंदांत संपते. त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी स्वर थांबतो. अनेक पट्ट्या एकदम दाबल्या की यंत्रावर ताण पडून स्वर किंचित उतरतो. पस्तीस फितींपैकी प्रत्येकीचा स्वभाव थोडा निराळा असतो. व्हायोलिनवृंदाची भ्रांती उत्पन्न करण्यास हे यंत्र असमर्थ होते; पण त्याच्या असमर्थतेतून एक थरथरता, धुरकट, कोठून तरी दुरून येणारा स्वर जन्माला आला आणि त्याला व्हायोलिन हे नाव उरले नाही.

संगीतकारांनी हा दोष सहन केला एवढेच नव्हे, तर रचना त्याच्याभोवती बेतली. जेनेसिस या वृंदाच्या १९७२ मधील ‘वॉचर ऑफ द स्काइज’ या रचनेच्या आरंभीचे प्रसिद्ध स्वरसंघात याचे उत्तम उदाहरण होत. त्या वाद्यावर काही संघात इतके बेसूर लागत की ते वाजविणेच शक्य नव्हते. जे लागत त्यांतून टोनी बँक्स यांनी हा प्रारंभ घडविला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे येथे वाद्याचा दोष हा रचनेचा सहकर्ता आहे. हॅमंड ऑर्गनवर पट्टी दाबताना होणारा ‘टक्’ असा आवाज कर्त्यांच्या दृष्टीने दोष होता. वादकांनी त्यातूनच त्या वाद्याला तालवाद्याची धार आणली. मिनीमूगचे तीन ऑसिलेटर कधीच तंतोतंत एका सुरात राहत नाहीत, आणि त्याच्या एकट्या स्वराला जो भरीवपणा येतो तो या सूक्ष्म विसंवादातून.

मराठी रसिकाला हा अनुभव परका नाही. हार्मोनियमवर मींड निघत नाही, तिचे स्वर बांधलेले असतात, या कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. आक्षेप खोटा नव्हता. तथापि त्याच पट्ट्यांच्या ऑर्गनने १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या रंगभूमीवर नाट्यपदाला आधार दिला. गळा जेथे वळतो तेथे पट्टी वळत नाही. म्हणून साथीदाराने गायकाच्या मागोमाग जावे, स्वर धरून ठेवावा, मोकळ्या जागा भराव्यात, अशी एक रीत त्यातून सिद्ध झाली. नाट्यसंगीताच्या श्रोत्याला आज जो ‘जुना’ नाद आठवतो तो या अडचणीतून निघालेल्या रीतीचा नाद आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली घातलेला सुती दोरा तारेच्या मोकळ्या कंपनाला अडथळाच करतो. पण जवारी खुलते ती त्या अडथळ्याने, आणि त्या दोऱ्याला ‘जीव’ हे नाव मिळाले आहे ते उगीच नव्हे.

५

आता आभासी वाद्यांकडे पुन्हा वळावे. त्यांच्या कर्त्यांना दोषांचे महत्त्व कळलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजच्या प्रतिरूपांत पट्टीचा ‘टक्’ आहे, फितीची थरथर आहे, ऑसिलेटरचे भरकटणे आहे. पण प्रत्येकाशेजारी एक सरकपट्टी आहे आणि ती शून्यावर आणता येते. मेलोट्रॉनची फीत आठ सेकंदांनी संपू द्यावी की स्वर अखंड चालू ठेवावा हे वादकाच्या मर्जीवर सोपविलेले आहे. दोष जेव्हा मर्जीचा विषय होतो तेव्हा तो दोष राहत नाही. तो अलंकार होतो. अलंकार शोभा आणील, पण तो कोणाला अडविणार नाही, आणि जो अडवीत नाही तो रचनेला वळणही देणार नाही. संगणकावर घडविलेल्या अनेक रचनांत नाद बिनचूक जुना आणि रचना मात्र सैल असते, त्याचे मूळ येथे आहे. स्वर कितीही लांबवावा, संघात कोणताही घ्यावा, एका वेळी कितीही आवाज वाजवावेत, अशी मोकळीक असता १९७२ मधील वादकाने जे गाळले ते गाळण्याचे कारणच उरत नाही.

यावर उपाय काय? एपीएमसी मार्केटच्याच इतिहासातून त्याची दिशा सुचते. भायखळ्याचा व क्रॉफर्ड मार्केटचा बाजार तुर्भ्याला आला तेव्हा जुन्या वास्तू तेथेच राहिल्या. आला तो व्यवहार : आडत, मापणी, हमाली, आणि आंब्याच्या सौद्यात हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीत. बाजाराची ओळख टिकली ती या रीतींच्या बंधनांमुळे. नादाच्या पुनर्निर्मितीतही हाच विवेक हवा. वाद्याची वास्तू संगणकात उचलून आणता येते. पण वादनाचा व्यवहार वादकाने स्वतः आणावा लागतो. मेलोट्रॉन वाजवावयाचा तर आठ सेकंदांचा नियम सरकपट्टीवर न सोडता रचनेआधीच स्वीकारावा. मिनीमूगचा एक स्वर एकच ठेवावा. लेस्लीचा वेग नंतर सावकाश बसून न रेखता वाजवितानाच हाताने बदलावा, आणि कर्ण्याला वेग घेण्यास लागणारा क्षण लयीत सामावून घ्यावा. या बंधनांनी नाद अधिक हुबेहूब होईल असे नाही, परंतु त्या नादामागील विचार पुन्हा हाती लागेल, आणि अनुकरणाला अभ्यासाचे मोल येईल ते त्यानेच.

तथापि हा अभ्यास म्हणजे शेवट नव्हे. मेलोट्रॉनची कहाणी जर काही शिकवीत असेल तर ते हे की अनुकृती जेथे अपुरी पडते तेथे ती स्वतंत्र होण्याची शक्यता असते. मग आभासी वाद्य कोठे अपुरे पडते? त्याच्या नादाला खोली नसते. हॅमंडचा कर्णा खोलीतील हवा प्रत्यक्ष ढवळतो. हेडफोनमधील कर्णा गणिताने फिरतो आणि वादकाच्या कानापलीकडे हवेचा कणही हलत नाही. बाजाराचा गलबला ज्या साधनाने बाहेर ठेवला त्याच साधनाने वादकाचा नादही आत कोंडला आहे. ही या साधनाची खरी मर्यादा होय, आणि ती कोणत्याही सरकपट्टीने शून्यावर येत नाही. तुर्भ्याच्या खोलीतील वादकाने जुन्या वाद्यांची बंधने शिकून घेतल्यावर या मर्यादेशी झुंज घ्यावी. कदाचित मायक्रोफोन पुन्हा उघडून पहाटेचा तो गलबला रचनेत येऊ द्यावा. त्यातून निर्माण होणारे संगीत १९७२ च्या इंग्लंडची नक्कल असणार नाही. पण प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वादकांनी हाताशी असलेल्या अपुऱ्या यंत्रांचे जे केले त्याच्याशी त्याचे नाते हुबेहूब नकलेपेक्षा अधिक जवळचे असेल.